तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन बसलोय. एखादी टीम चांगली आहे हे ठरवायचं कशावरून?

आपल्या धंद्यात याची उत्तरं तयार असतात. किती रिलीज वेळेवर गेले, प्रॉडक्शनमध्ये किती बग सापडले, क्लायंटने महिन्यातून किती वेळा आवाज चढवला, आणि टीममध्ये 'स्टार' किती आहेत. चार हुशार माणसं एका रांगेत बसवली की हुशार टीम आपोआप तयार होते, असं आपण धरूनच चालतो. अप्रेझलसुद्धा एकेकट्याचं होतं. बेल कर्व्हवर माणसं चढतात-उतरतात, पण त्या माणसांचं एकमेकांशी काम जमतं का, याचा रकाना त्या एक्सेलमध्ये नसतो.

विमानवाहतुकीच्या धंद्यातही अनेक वर्षं हेच चालू होतं. त्यांना आपलं उत्तर बदलावं लागलं, आणि ते बदलण्याआधी शेकडो माणसं गेली. तीच गोष्ट आज सांगायची आहे. थोडी लांबण आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी वाहतुकीत जेट विमानं रुळली. जुन्या पिस्टन इंजिनांच्या मानाने जेट इंजिनं कितीतरी भरवशाची. पुढे रडार सुधारलं, उपकरणं सुधारली, अपघातांचं प्रमाण कमी होत गेलं. पण जे अपघात उरले, त्यांच्या चौकशीत एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. विमान ठीकठाक, वैमानिक अनुभवी, आणि तरी विमान पडलेलं.

तेव्हाच्या मोठ्या जेटमध्ये पुढे तीन जण बसत. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सह-वैमानिक, आणि मागच्या बाजूला काट्यांनी भरलेल्या पॅनेलसमोर फ्लाइट इंजिनिअर. इंधन किती, हायड्रॉलिक्स ठीक आहेत का, इंजिनं काय म्हणताहेत, हे सगळं या तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला दिसायचं. पण कॉकपिटच्या उतरंडीत त्याचा नंबर शेवटचा. परीक्षा व्हायची ती प्रत्येकाची वेगवेगळी. तपासणी करणारा वरिष्ठ शेजारी बसून बघायचा की याचे हात-पाय नीट चालतात का, याला नियम पाठ आहेत का. तिघे मिळून कसे चालतात हे कुणी तपासत नव्हतं.

आता दोन अपघात बघू.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कॅनरिया बेटाच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे तिकडची विमानं इकडे वळवलेली. छोटा विमानतळ, एकच धावपट्टी, आणि वरून दाट धुकं. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी तयार उभं होतं. त्याच धावपट्टीवर पॅन ॲमचं दुसरं ७४७ अजून चालत होतं. धुक्यामुळे दोघांनाही एकमेकांची विमानं दिसत नव्हती, आणि कंट्रोल टॉवरलाही काही दिसत नव्हतं.

केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहाउझेन फान झांटेन म्हणजे कंपनीतलं बडं नाव. ७४७ च्या प्रशिक्षणाचे प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो झळकत असे. शेजारी बसलेल्या सह-वैमानिकाला ७४७ साठी पास करणारे तेच. म्हणजे कोड रिव्ह्यूला समोर साक्षात आपला परीक्षक बसलाय अशी परिस्थिती!

कॅप्टननी एकदा घाईने इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली, तेव्हा सह-वैमानिकाने टॉवरची परवानगी अजून मिळाली नसल्याचं सांगितलं. कॅप्टन थांबले. थोड्या वेळाने पुढच्या मार्गाबद्दलची परवानगी आली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण कॅप्टन निघालेच. या खेपेला सह-वैमानिक स्पष्टपणे काही बोलला नाही. विमान वेग घेत असताना रेडिओवरचं बोलणं ऐकून तिसऱ्या खुर्चीवरच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲमचं विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टननी ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा आजही सगळ्यात मोठा अपघात आहे.

त्या इंजिनिअरला माहिती होती का? शंका तरी नक्कीच होती. ती त्याने बोलून दाखवली का? हो. मग टीम कुठे कमी पडली? शंका आणि ब्रेक यांच्यामध्ये जी जागा असते, तिथे.

दुसरा अपघात आकड्याने छोटा, पण इतिहासाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. २८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं उड्डाण, डीसी-८ विमान, डेन्व्हरहून पोर्टलंडला चाललेलं. विमानात १८९ माणसं. उतरण्याआधी चाकं खाली सोडली तेव्हा मोठा धक्का बसला आणि एका बाजूचं चाक नीट बसल्याचा दिवा लागला नाही. कॅप्टन होते माल्बर्न मॅकब्रूम, गाठीशी २७ हजारांहून जास्त तासांचं उड्डाण. त्यांनी योग्य तेच केलं. विमान हवेत घिरट्या घालत ठेवलं, चाकाची तपासणी सुरू केली, हवाई सुंदरींना प्रवाशांची तयारी करून घ्यायला सांगितली.

अशा घिरट्या सुमारे तासभर चालल्या. चाकाचा प्रश्न सोडवण्यात कॅप्टन इतके बुडून गेले की इंधनाचा काटा मागे पडला. अजून पंधरा मिनिटं लागतील असं ते म्हणाले, तेव्हा पंधरा मिनिटांत इंधन फारच खाली जाईल असं फ्लाइट इंजिनिअरने सांगितलं. सांगितलं, पण हातचं राखून. 'सर, आत्ताच्या आत्ता उतरलो नाही तर पडणार आहोत' असं थेट कुणीच म्हटलं नाही. शेवटी एक इंजिन बंद पडायला लागलं. सह-वैमानिकाने तसं सांगितलं तेव्हा कॅप्टननी विचारलं, का? या 'का' वर मी बराच वेळ अडकलो होतो. त्या काचेच्या पेटीत तीन माणसं, इंधनाचा काटा तिघांच्या समोर, आणि मुख्य माणसाला अजून पत्ता नाही.

विमान विमानतळापासून काही मैलांवर झाडीत कोसळलं. दहा जण गेले. त्यात तो फ्लाइट इंजिनिअरही होता. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरलं नव्हतं. आणि ज्या चाकापायी हे सगळं झालं ते चाक खाली येऊन नीट बसलेलं होतं, फक्त दिव्याचा स्विच बिघडला होता.

अपघातांची चौकशी करणारी अमेरिकेतली सरकारी संस्था म्हणजे एनटीएसबी. या अपघातावर तिने १९७९ साली अहवाल दिला. कॅप्टनचं इंधनाकडे दुर्लक्ष झालं हे कारण त्यात आहेच. पण बाकीच्या दोघांना धोक्याचं गांभीर्य पुरतं कळलं नाही, किंवा ते कॅप्टनपर्यंत पोचवता आलं नाही, हेही त्यात नोंदवलं आहे. शिफारस अशी की कॅप्टनना सगळ्यांना सोबत घेऊन निर्णय करण्याचं, आणि बाकीच्यांना ठामपणे बोलण्याचं प्रशिक्षण द्या. दोष एकाच खुर्चीवर न टाकता खुर्च्यांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवणारी ही शिफारस होती.

त्याच वर्षी जूनमध्ये नासाने सॅन फ्रान्सिस्कोला एक कार्यशाळा घेतली. त्याआधी नासासाठी रफेल स्मिथ या संशोधकाने ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये अनुभवी, नियमित उड्डाण करणाऱ्या वैमानिकांचे संच बसवून एक प्रयोग केला होता. सगळ्यांना एकच अडचणीचा प्रवास, वाटेत इंजिनाचा बिघाड, विमान दुसरीकडे वळवायची वेळ. सगळे पात्र, सगळे पास झालेले. तरी संचासंचातल्या चुकांमध्ये प्रचंड फरक आला. तो फरक विमान चालवण्याच्या कौशल्यातून आलेला नव्हता. काम वाटून देणं, वेळेवर विचारणं, ऐकून घेणं, इथे तो होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचे युनिट टेस्ट हिरवे आणि इंटिग्रेशन टेस्ट लाल.

यातून जे प्रशिक्षण जन्माला आलं त्याला 'कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट', थोडक्यात सीआरएम म्हणतात. १९८१ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात सुरू करणारी कंपनी कोणती? युनायटेड, म्हणजे पोर्टलंडवाली. जुन्या वैमानिकांनी नाकं मुरडली. 'मोहक वागण्याची शाळा' अशी त्याची टिंगल झाली. (ऑफिसात 'सॉफ्ट स्किल्स'च्या ट्रेनिंगला आपण काय काय म्हणतो ते आठवा. :-))

मग १९ जुलै १९८९ उजाडला. युनायटेडचंच २३२ क्रमांकाचं उड्डाण, डेन्व्हरहून शिकागोला. डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. म्हणजे विमान वळवायची, वर-खाली करायची सगळी साधनं मेली. हातात उरले फक्त पंखांखालच्या दोन इंजिनांचे थ्रॉटल. अशा वेळी काय करायचं याची चेकलिस्टच नव्हती, कारण तिन्ही यंत्रणा एकदम जातील असं कुणी गृहीत धरलं नव्हतं.

कॅप्टन अल हेन्स यांनी काय केलं? विमानात डेनी फिच नावाचे डीसी-१० चे प्रशिक्षक प्रवासी म्हणून बसले होते. त्यांनी मदत देऊ केली, तेव्हा हेन्सनी त्यांना आत बोलावून थ्रॉटल सांभाळायला दिले. चौघे सतत बोलत होते, सुचवत होते, एकमेकांना अडवत होते. सुमारे पाऊण तासाने ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत पोचलं. उतरताना मोडलं, पेटलं. २९६ पैकी ११२ जण गेले, पण १८४ वाचले. नंतर सिम्युलेटरमध्ये इतर वैमानिकांना तीच परिस्थिती दिली गेली, पण कुणालाच ते विमान सुखरूप उतरवता आलं नाही.

हेन्स पुढे अनेक वर्षं व्याख्यानं देत राहिले, २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. वाचण्याची पाच कारणं ते सांगत: नशीब, संवाद, तयारी, अंमलबजावणी आणि सहकार्य. नशीब त्यांनी प्रामाणिकपणे यादीत ठेवलं होतं. पण कॅप्टनला सगळं कळतं या समजुतीतून बाहेर पडण्याचं श्रेय ते सीआरएमला देत. आणि एक लक्षात घ्या, ते काही मतदान घेत बसले नव्हते. शेवटपर्यंत कॅप्टन तेच होते. फरक एवढाच की माहिती वर येण्याचा रस्ता मोकळा होता.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. प्रशिक्षण दिलं, प्रश्न सुटला. तसं झालं नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशात आहे.

२२ मे २०१०. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे निघून गेलं आणि दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमान चुकीच्या उंचीवरून खाली येत होतं, आणि उतरणं सोडून पुन्हा वर चला असं सह-वैमानिकाने तीन वेळा सांगितलं होतं. कॅप्टन उड्डाणातला बराच काळ झोपलेले होते, आणि त्या झोपेचा अंमल उतरला नसावा असंही अहवालात आहे. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच एका नोंदीने. सह-वैमानिकाने स्वतः उतरणं रद्द करावं की नाही याबद्दलच्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, आणि बहुधा त्यामुळेच त्याने सांगितलं, पण सूत्रं हातात घेतली नाहीत, असं चौकशीने म्हटलं.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, त्याच कंपनीचं दुबईहून आलेलं विमान भर पावसात कोझिकोडच्या तशाच टेबलटॉप धावपट्टीवरून घसरलं. १९० पैकी २१ जण गेले. २०२१ च्या अहवालात पुन्हा तेच. सह-वैमानिकाने उतरणं सोडून द्यायला सांगितलं होतं, पण सूत्रं हाती घेतली नाहीत. ठामपणाचा अभाव आणि कॉकपिटमधली अधिकाराची तीव्र उतरंड, ही कारणं अहवालात स्पष्ट लिहिलेली आहेत.

दोन्ही वेळा सीआरएम नावाची गोष्ट जगात येऊन तीन दशकं झाली होती. म्हणजे प्रशिक्षण दिलं आणि टीम झाली, असं समीकरण नाही. मग टीम झाली की नाही हे अपघात व्हायच्या आधी कळणार कसं?

टेक्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मरिच यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला. वार्षिक तपासणीवरून टीम कळत नाही, हे त्यांना दिसत होतं. परीक्षक मागे बसलाय म्हटल्यावर सगळेच देवदूतासारखे वागतात. चेकलिस्ट मोठ्याने वाचली जाते, सह-वैमानिकाचं मत आवर्जून विचारलं जातं. परीक्षक उतरला की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या गटाने विमान कंपन्यांबरोबर एक वेगळी पद्धत उभी केली. तिचं नाव लोसा. प्रशिक्षित निरीक्षक साध्या, रोजच्या उड्डाणात कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसतो. कॅप्टन त्याला नाही म्हणू शकतो. निरीक्षणात कुणाचं नाव नाही, उड्डाणाचा क्रमांक नाही, आणि त्यावरून कुणालाही शिक्षा नाही. अट एवढीच की साधा दिवस बघायचा. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने तिची अधिकृत पुस्तिकाही काढली.

यातून दिसलं की चुका अगदी साध्यासुध्या, सुखरूप उड्डाणांतही होतात. मग प्रश्न बदलतो. 'चूक झाली का' हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. 'चूक कुणी पकडली, किती लवकर पकडली, आणि पकडणाऱ्याचं ऐकलं का' हे विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट जाता जाता. नासाच्या संशोधकांनी १९८६ मध्ये सिम्युलेटरमध्ये दोन प्रकारचे संच बसवले. एक ताजेतवाने, पण नव्याने एकत्र आलेले. दुसरे काही दिवसांच्या ड्युटीने थकलेले, पण एकत्र उडालेले. थकलेले संच जास्त चांगले ठरले. एनटीएसबीने १९९४ मध्ये ३७ मोठे अपघात अभ्यासले. त्यातल्या ज्यांची माहिती उपलब्ध होती त्यांत ७३ टक्के अपघात त्या वैमानिकांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी झाले होते. नमुना छोटा आहे, मान्य. पण दर तिमाहीला 'रिसोर्स' इकडून तिकडे हलवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

विमानातून ही चर्चा रुग्णालयात गेली. २००० साली हेल्मरिच आणि सहकाऱ्यांनी वैमानिकांची आणि डॉक्टरांची मतं शेजारी शेजारी ठेवली. धाकट्याने थोरल्याला टोकू नये अशी उतरंड ९७ टक्के वैमानिकांनी नाकारली. वरिष्ठ शल्यविशारदांमध्ये हे प्रमाण फक्त ५५ टक्के होतं. अर्थात कागदावर उतरंड नाकारणं आणि पावसात, धावपट्टी समोर दिसत असताना नाकारणं यात अंतर आहे, हे आपण वर पाहिलंच.

रुग्णालयातलाच दुसरा अभ्यास मला सगळ्यात जास्त आवडतो. एमी एडमंडसन ही मूळची इंजिनिअरिंगकडून आलेली बाई. हार्वर्डमध्ये कॉकपिटच्या टीमवर काम केलेल्या रिचर्ड हॅकमन यांची ती विद्यार्थिनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांचा अभ्यास केला. हॅकमन यांची टीम जोखणारी प्रश्नावली एका बाजूला, औषध देताना झालेल्या चुकांची संख्या दुसऱ्या बाजूला. अपेक्षा सरळ होती. टीम जितकी चांगली तितक्या चुका कमी.

आकडे आले ते बरोबर उलटे. चांगल्या टीममध्ये चुका जास्त! विभागाविभागांतला फरक सुमारे दहापट.

चांगली टीम जास्त चुका कशी करेल? तिला शंका आली की त्या टीम चुका जास्त करत नसाव्यात, जास्त सांगत असाव्यात. मग हे निकाल ज्याला माहीतच नाहीत अशा एका संशोधकाला त्या विभागांत पाठवलं. त्याच्या निरीक्षणांतून तेच निघालं. काही विभागांत चूक झाली की मोकळेपणी बोललं जायचं. काही ठिकाणी बोललं की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागायचं, म्हणून तिथल्या चुका कागदावर येतच नव्हत्या. हा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये तिने एका कारखानदारी कंपनीतल्या ५१ टीम अभ्यासून 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना मांडली. बोललं तर आपल्याला लाज वाटेल असं काही होणार नाही, हा टीमचा सामाईक विश्वास. २०१२ मध्ये गूगलने स्वतःच्या सुमारे १८० टीमचा अभ्यास सुरू केला. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसं वागतात याला जास्त वजन मिळालं, आणि यादीत पहिला नंबर याच मानसिक सुरक्षिततेचा होता. भरवशाचं काम, कामाची स्पष्टता वगैरे गोष्टी त्याच्यामागे. म्हणजे लाड करणं हा याचा अर्थ नाही. कामात ढिलाई चालणार नाहीच.

आता हे सगळं आपल्या क्युबिकलमध्ये आणू.

परवा आमच्याकडे 'टीम हेल्थ'चा फॉर्म आला. दहा प्रश्न, एक ते पाच गुण, आणि वर नाव लिहिणं सक्तीचं. फॉर्म जाणार मॅनेजरकडे, ऐन अप्रेझलच्या महिन्यात. निकाल काय लागला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सगळ्यांचे चार. एखाद्या शूर वीराचे साडेतीन. हीच ती देवदूतांची परीक्षा. हेल्मरिचना जे जमवायला कंपन्या आणि वैमानिकांचा विश्वास कमवावा लागला, ते एका सक्तीच्या फॉर्ममधून मिळेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे त्याने टीमची तब्येत तपासू नये, हा या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला धडा.

मग तपासायचं काय? मी माझ्यापुरते तीन प्रश्न काढलेत.

एक, टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाने शेवटचं 'थांबा' कधी म्हटलं, आणि त्यानंतर काय झालं? आठवतच नसेल तर टीममध्ये सगळं उत्तम चाललंय असं समजू नका. टेनेरिफच्या इंजिनिअरने एकदा विचारलं, ठासून उत्तर मिळालं, आणि तो गप्प बसला. तुमच्याकडे गप्प बसलेले किती आहेत?

दोन, थांबवायचा अधिकार कुणाला आहे, हे लिहिलेलं आहे का? रात्री दोन वाजता डिप्लॉयमेंट फसलं तर ज्युनिअर मुलगी आर्किटेक्टला न विचारता रोलबॅक करू शकते का? 'तसं काही नाही, समजून घ्यायचं' हे उत्तर असेल तर मंगळूरच्या अहवालातली ती संदिग्धतेची नोंद पुन्हा वाचा. बोलायची हिंमत एकट्या माणसावर सोपवून चालत नाही, नियमाने तिच्यामागे उभं राहावं लागतं.

तीन, बगचा आकडा खाली गेला की टाळ्या वाजवण्याआधी विचारा, बग कमी झाले की सांगणारे? एकाच डॅशबोर्डवर हे दोन्ही सारखेच दिसतात.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं फॉर्ममध्ये मिळत नाहीत. साध्या मंगळवारी, साध्या मीटिंगमध्ये, कोपऱ्यात बसून ऐकावं लागतं. कोण बोलतंय, कुणाचं वाक्य अर्ध्यावर तुटतंय, आणि तुटलेलं वाक्य कुणी परत उचलतंय का.

आमच्या धंद्यात कुणी मरत नाही असं आपण म्हणतो. पण आज रुग्णालयांत, बँकांत, विमानांतही आपलंच सॉफ्टवेअर चालतं. काटा तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला आधी दिसतो, हे तिथेही तेवढंच खरं आहे.

असो. बरंच लांबलं. सोमवारी स्टँडअपला भेटाल तेव्हा एवढं करून बघा. शेवटच्या माणसाला सगळ्यात आधी बोलू द्या, आणि तो काय म्हणतोय ते पूर्ण ऐका.